दहा यार्डांचा हिशेब

गोल्फ म्हटलं की होस्टेलवर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक, "श्रीमंतांचा खेळ!" आणि दुसरी, "त्यात काय, चेंडू तर हलतपण नाही. मारला की झालं." पहिलीवर मी वाद घालत नाही, कारण तिच्यात बरंच तथ्य आहे. दुसरीवर मात्र घालायलाच हवा. त्या न हलणाऱ्या चेंडूवर क्लब आदळतो तेव्हा अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत जे काही घडतं, त्यात फर्स्ट इयरच्या अप्लाइड मेकॅनिक्सपासून सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्सपर्यंत अर्धा सिलॅबस येऊन जातो. आणि आपण एम-थ्री मध्ये ऑप्शनला टाकलेलं स्टॅटिस्टिक्सही येतं, पण ते शेवटी.

ज्यांनी गोल्फ टीव्हीवरही पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. त्यातला सगळ्यात लांब दांड्याचा आणि सगळ्यात मोठ्या डोक्याचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. लाकडी खुंटीवर, म्हणजे टीवर चेंडू ठेवून होलची पहिली सणसणीत सुरुवात यानेच करतात. दांड्याला शाफ्ट म्हणायचं, डोक्याला हेड, चेंडूवर आदळणाऱ्या सपाट (खरं तर किंचित फुगीर) बाजूला फेस, आणि हा फेस मागे जितका कललेला असतो त्या कोनाला लॉफ्ट. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ८ ते १२ अंश.

नामांकित कंपनीचा नवा ड्रायव्हर अमेरिकेत सहाशे डॉलरच्या आसपास पडतो. आपल्या मेसबिलाच्या भाषेत किती महिने होतात ते ज्याचं त्याने काढावं. आणि दर वर्षी नवं मॉडेल येतं, दर वर्षी जाहिरात सांगते की याने दहा यार्ड जास्त जातील. आता बघा, वीस वर्षं जर खरंच दर वर्षी दहा यार्ड वाढले असते, तर पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर मारलेला चेंडू विमानतळाच्या धावपट्टीवर शोधायला जावं लागलं असतं. तसं झालेलं नाही. मग हे दहा यार्ड जातात कुठे? आणि मिळत असतील तर कोणाला?

सुरुवात नियमांपासून करू. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था आहेत, अमेरिकेतली यूएसजीए आणि स्कॉटलंडमधली आर अँड ए. त्यांनी ड्रायव्हरला चारही बाजूंनी बांधून टाकलंय. हेडचं आकारमान जास्तीत जास्त ४६० घन सेंटिमीटर. उभ्या अक्षाभोवतीचं मोमेंट ऑफ इनर्शिया ५९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर. दोन्हींवर मोजमापातल्या फरकासाठी थोडी सूट, इतकंच. लांबी ४८ इंच, आणि २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ती ४६ पर्यंत खाली आणायची मुभा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फेसच्या 'स्प्रिंग'वर मर्यादा. आपण ज्याला कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन म्हणतो तो ०.८३ च्या वर जाता कामा नये. प्रत्यक्षात तो एका छोट्या पेंड्युलमने तपासतात. पोलादी गोळी फेसला किती मायक्रोसेकंद चिकटून राहते ते मोजायचं, मर्यादा २३९, अधिक १८ ची सूट.

या ०.८३ वरून एक सुंदर गोष्ट निघते. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो. ड्रायव्हरचं हेड साधारण २०० ग्रॅमचं. संवेगाचं समीकरण लिहा, त्यात रेस्टिट्यूशनची व्याख्या घाला, आणि चेंडूचा वेग भागिले हेडचा वेग काढा. उत्तर येतं १.८३ भागिले १.२३, म्हणजे सुमारे १.४९. लॉफ्टमुळे टक्कर थोडी तिरकी होते म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. या गुणोत्तराला गोल्फवाले स्मॅश फॅक्टर म्हणतात आणि १.५ ही व्यवहारातली त्याची कमाल मर्यादा. ती कुठल्या कंपनीने ठरवलेली नाही, ती दोन वस्तुमानांनी आणि एका नियमाने ठरवलेली आहे. हेडचा वेग ताशी ९० मैल असेल (हौशी पुरुष खेळाडूचा हा साधारण वेग समजा), तर चेंडू ताशी १३४ मैलांच्या वर जाणार नाही, ड्रायव्हर सहाशेचा असो की साठचा. जाता जाता, चेंडू-क्लबचा संपर्क सुमारे ४५० मायक्रोसेकंद टिकतो. त्यावरून सरासरी बल काढलंत तर सहा हजार न्यूटन येतं. सहाशे किलो वजन, शेंगदाण्याएवढ्या नव्हे तरी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर!

म्हणजे अगदी मध्यावर लागलेल्या फटक्याचा वेग गेली कित्येक वर्षं जिथल्या तिथे आहे. वाढवण्यासारखं जे उरतं ते दोन ठिकाणी. एक, फटका मध्यावर लागला नाही तर किती कमी नुकसान व्हावं. यात कंपन्यांनी खरंच प्रगती केली आहे. दुसरं, आहे तो वेग घेऊन चेंडू कुठल्या कोनात आणि किती गिरक्या घेत निघावा. ही दुसरी गोष्ट कारखान्यात ठरत नाही, कारण ती मारणाऱ्यावर अवलंबून असते. आणि फिटिंग नावाचा जो प्रकार आहे, तो यासाठीच.

फिटिंग म्हणजे शिंप्याकडे माप देण्यासारखंच. फक्त टेपऐवजी लाँच मॉनिटर असतो. तुम्ही जाळीत किंवा रेंजवर चेंडू मारता आणि पडद्यावर आकडे येतात: हेडचा वेग, चेंडूचा वेग, लाँच अँगल म्हणजे चेंडू जमिनीशी किती कोनात सुटला, बॅकस्पिन म्हणजे मिनिटाला उलट्या किती गिरक्या, कॅरी म्हणजे हवेतून किती अंतर गेला, आणि आणखी पंधरा-वीस. पहिल्यांदा पाहणाऱ्याला डोळ्यांपुढे काजवे. पण मुख्य तीनच: वेग, कोन, स्पिन. बाकीचे बहुतेक यांचे कारण तरी किंवा परिणाम तरी.

स्पिन कशाला हवा? आपल्या टीटी टेबलवर चॉप मारणाऱ्यांना हे सांगायला नको. उलटी गिरकी घेणारा चेंडू हवेवर तरंगतो, मॅग्नस इफेक्ट. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूवर याचा अभ्यास केला. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकलेला खेळाडू, म्हणजे घरातच टेस्ट रिग! बॅकस्पिन नसेल तर चेंडू दगडासारखा पडतो. फार झाला तर फुग्यासारखा वर चढतो, वर जाऊन थबकतो आणि जवळजवळ उभा खाली येतो. या दोहोंच्या मधे कुठेतरी तुमची जागा. 'तुमची' या शब्दाखाली रेघ मारा, कारण ही जागा प्रत्येकाची वेगळी असते.

इथेच सगळ्यात महागडी गफलत होते. टीव्हीवरचे खेळाडू कमी लॉफ्टचा, कडक शाफ्टचा ड्रायव्हर वापरतात, म्हणून आपणही तोच घ्यायचा. रडार बनवणाऱ्या ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीने दोन्ही व्यावसायिक टूरचे सरासरी आकडे प्रसिद्ध केले होते, ते वर्षानुवर्षं सगळीकडे छापले गेले. पुरुषांच्या पीजीए टूरवर हेडचा वेग ताशी ११३ मैल, चेंडू सुटतो ११ अंशांच्या आसपास, स्पिन २७०० च्या जवळ, कॅरी २७५ यार्ड. महिलांच्या एलपीजीए टूरवर वेग ९४ मैल, पण चेंडू सुटतो १३-१४ अंशांनी, स्पिन २६००, कॅरी २२० यार्डांच्या आसपास. या बायका कमी वेगात जास्त उंच का मारतात? कारण हवेचा उचलणारा जोर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. वेगवान चेंडूला हवा स्वतःच वर धरते, त्याला कमी कोन पुरतो. संथ चेंडूला ती मदत कमी, म्हणून सुरुवातीलाच जास्त कोन द्यावा लागतो.

आता ९० मैलांच्या हौशी खेळाडूचा वेग कोणाच्या जवळ आहे सांगा! तरीही तो दुकानात जाऊन ९ अंशांचा ड्रायव्हर उचलतो, कारण १२ अंशांचा क्लब 'लेडीज' वाटतो. चेंडू खाली राहतो, लवकर पडतो, आणि मग माणूस आणखी जोर लावतो. त्याला कोणी सांगत नाही की गड्या, तुझं मनगट नव्हे, तुझा कोन कमी पडतोय. माझं स्पष्ट मत आहे की क्लबवर छापलेल्या लॉफ्टच्या आकड्याइतकं नुकसान गोल्फमध्ये दुसऱ्या कुठल्या आकड्याने केलं नसेल. त्यात तो आकडा अचूकही नसतो. कारखान्याच्या टॉलरन्समुळे १०.५ लिहिलेला क्लब मोजल्यावर अर्धा-एक अंश इकडेतिकडे निघणं नेहमीचं.

आणखी एक आकडा आहे जो मला सर्वांत आवडतो: अटॅक अँगल. चेंडूला लागताना हेड खाली येत होतं की वर चाललं होतं? एलपीजीएच्या सरासरीत हेड ३ अंश वर चाललेलं असतं, पीजीएच्या सरासरीत एखादा अंश खाली. समजा टक्करीच्या क्षणी फेसचा प्रत्यक्ष कल १५ अंश आहे. पहिला खेळाडू ३ अंश वर मारतो, दुसरा ३ अंश खाली. चेंडू निघण्याची दिशा बरीचशी, साधारण ८५ टक्के, फेस ठरवतो आणि उरलेली हेडची वाट. म्हणजे पहिल्याचा लाँच अँगल सव्वातेरा, दुसऱ्याचा सव्वाबारा. फार फरक नाही. पण स्पिन ठरतो फेस आणि वाट यांच्यातल्या कोनावर. पहिल्याचा तो १२ अंश, दुसऱ्याचा १८! कोन जवळजवळ तोच, पण दुसऱ्याच्या चेंडूला मिनिटाला सहज हजारभर गिरक्या जास्त. ९० मैल वेगालाच, ५ अंश खाली मारणारा आणि ५ अंश वर मारणारा, दोघांनाही आपापला योग्य लॉफ्ट दिला तरी कॅरीत पंचवीस-तीस यार्डांचं अंतर पडतं. जाहिरातीतले दहा यार्ड तीनदा आले यात. आणि ते मिळवायला टी थोडी उंच, चेंडू थोडा पुढच्या पायाकडे आणि सराव, एवढंच लागतं. टीची किंमत चहाएवढीसुद्धा नसते.

टी उंच करण्याचा दुसरा फायदा फेसवर दिसतो. ड्रायव्हरच्या हेडचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. चेंडू मध्याच्या वर लागला की हेड मागे झुकतं, आणि दोन दात्यांच्या चाकांसारखा चेंडूवर उलट परिणाम होऊन बॅकस्पिन कमी होतो. खाली लागला तर वाढतो. बाहेरच्या टोकाला लागला की हेड उभ्या अक्षाभोवती फिरतं आणि चेंडूला आतल्या बाजूला वळवणारा स्पिन मिळतो. याला म्हणतातच गिअर इफेक्ट. फेस किंचित फुगीर का, हे आता कळेल: टोकाला लागलेला चेंडू आधी बाहेरच्या दिशेने सुटावा, म्हणजे वळून मधे येईल. तुमचा फटका कुठे लागतो हे पाहायला हजारो डॉलरचं यंत्र लागत नाही. फिटर लोक फेसवर पायाच्या पावडरचा स्प्रे मारतात, चेंडूचा ठसा उमटतो. होस्टेलवाल्यांना टाल्कम पावडर चालेल. ठसे फेसभर विखुरलेले असतील तर शाफ्ट अर्धा-पाऊण इंच आखूड करून बघणं हा पहिला उपाय. दुकानात मिळणारे ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांचे आणि वर असतात, तर टूरवरचे अनेक खेळाडू ४५ च्या आसपास किंवा त्याहून आखूड वापरतात. स्मॅश फॅक्टर १.४० वरून १.४८ वर गेला तर ९० मैल वेगाला चेंडूचे सात मैल वाढतात, आणि एका मैलाला ढोबळमानाने दोन यार्ड.

शाफ्टबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल बाकीचे सगळे विस्ताराने बोलतात. रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ या शब्दांना उद्योगात समान मानक नाही. एकाचा स्टिफ दुसऱ्याच्या रेग्युलरइतका लवचीक असू शकतो. शाफ्टचं वजन आणि ते हातात कसं वाटतं हे जास्त महत्त्वाचं. बाकी नावं, रंग, स्टिकर... असो.

आता हे सगळं मोजणाऱ्या यंत्राकडे. दोन जाती आहेत. कॅमेऱ्याची यंत्रं टक्करीच्या लगेच नंतरचे फोटो काढतात आणि चेंडूवरच्या खुणा किती फिरल्या त्यावरून स्पिन काढतात. रडारची यंत्रं म्हणजे हायवेवरच्या पोलिसांची स्पीडगनच, जरा शिकलेली. तत्त्व डॉप्लरचं: १० गिगाहर्ट्झची लहर सेकंदाला ६० मीटरने दूर जाणाऱ्या चेंडूवर आपटून आली की तिची वारंवारता ४००० हर्ट्झने बदललेली असते. कानाला ऐकू येईल इतका हा फरक. मोकळ्या रेंजवर रडार चेंडूला खाली पडेपर्यंत पाहतं. पण दुकानातल्या जाळीत चेंडू तीन-चार मीटरच जातो. तिथे पडद्यावर दिसणारी २१० यार्डांची सुरेख कमान ही मोजलेली नसते, गणितातून काढलेली असते. आणि स्वस्त यंत्रांत स्पिनही कित्येकदा मोजलेला नसतो, बाकी आकड्यांवरून अंदाजलेला असतो. फिटरला विचारायचा पहिला प्रश्न हाच: यातलं काय मोजलंय आणि काय काढलंय?

दुसरा प्रश्न, हवा कुठली धरली आहे? पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर. हवा विरळ, म्हणून चेंबूरच्या कोर्सवर २०० यार्ड जाणारा फटका येरवड्याला चारेक यार्ड जास्त जातो. सॉफ्टवेअरमधलं एक खूण-बटण इकडचं तिकडे झालं की चार यार्ड फुकट. तिसरा प्रश्न चेंडूचा. रेंजवरचे घासलेले, मुद्दाम कमी उडणारे चेंडू वापरून आलेले आकडे वहीत लिहूच नयेत. आपण ज्या चेंडूने खेळतो तोच न्यावा.

आणि आता ते स्टॅटिस्टिक्स. नेहमीचं दृश्य असं: जुन्या ड्रायव्हरने पाच फटके, मग नव्याने पंधरा. नव्यातला एक २२५ जातो, सगळे "वा!" म्हणतात, पाकीट बाहेर. लॅबमध्ये असं रीडिंग घेतलं तर सर जर्नल तोंडावर मारतील. समजा तुमच्या कॅरीचं स्टँडर्ड डीव्हिएशन १२ यार्ड आहे, जे हौशी माणसाला अजिबात जास्त नाही. आठ फटक्यांच्या सरासरीची स्टँडर्ड एरर १२ भागिले वर्गमूळ आठ, म्हणजे सव्वाचार. दोन क्लबांच्या सरासऱ्यांतल्या फरकाची सहा. मग नव्या ड्रायव्हरने 'पाच यार्ड जास्त' दिले तर ते पाच यार्ड क्लबचे आहेत की नशिबाचे, हे सांगताच येत नाही. म्हणून जुना क्लब सोबत न्यायचा. चार फटके जुन्याने, चार नव्याने, पुन्हा जुन्याने, अशी अदलाबदल करायची, म्हणजे अंग गरम होणं आणि थकणं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. बिघडलेले फटके गाळायचे तर दोन्हीकडून एकाच नियमाने. आणि सरासरीचा कागद न घेता प्रत्येक फटक्याची ओळ मागायची. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे.

त्या ओळींत लांबीपेक्षा आधी रुंदी पाहावी. फेस एक अंश चुकला तर २०० यार्डांवर चेंडू नुसत्या सुटण्याच्या दिशेनेच जवळपास साडेतीन यार्ड बाजूला, वळणं वेगळंच. पाच यार्ड कमी जाणारा पण पंधरा यार्ड अरुंद पट्ट्यात पडणारा क्लब मी डोळे मिटून घेईन.

हे सगळं नव्या क्लबबद्दल झालं. पण आपल्याकडे अनेकांचा पहिला ड्रायव्हर दुसऱ्याने वापरून सोडलेलाच असतो. या देशातले काही उत्तम खेळाडू कोर्सवरच्या कष्टकरी घरांतून आले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीचा कॅडी होता. २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकणाऱ्या एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या कोर्सवर हिरवळ राखायचे. कोणाच्या तरी ताशी ११० मैलांच्या स्विंगसाठी घेतलेला ९ अंशांचा, कडक शाफ्टचा क्लब ८५ मैलांच्या पोराच्या हातात आला की चेंडू खाली राहणारच, आणि दोष मात्र पोराच्या स्विंगला. अशा वेळी त्याला नवा क्लब नाही तर निदान अर्धा तास यंत्रासमोर मिळाला तरी पुष्कळ. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बऱ्याच ड्रायव्हरना हेड आणि शाफ्टच्या जोडावर फिरवता येणारी स्लीव्ह असते. छोट्या पान्याने ती सैल करून लॉफ्ट एक-दीड अंश वाढवता येतो. एवढं लक्षात ठेवायचं की लॉफ्ट वाढवला की फेस थोडा डावीकडे (उजव्या हाताने खेळणाऱ्याला) बंद होतो, कमी केला की उघडतो. दोन्ही गोष्टी एकाच जोडात अडकलेल्या आहेत. शाफ्ट कापून हेड हलकं वाटायला लागलं तर मागे शिशाची चिकटपट्टी लावतात, ती थोड्याशा पैशांत येते.

पान्याचा टक् आवाज आला की थांबायचं, त्यापुढे आवळायचं नाही. आणि हा सगळा उद्योग आदल्या दिवशी उरकायचा. स्पर्धेची फेरी सुरू झाल्यावर क्लबची सेटिंग मुद्दाम बदलून त्याच क्लबने खेळायला नियम परवानगी देत नाहीत, त्यामुळे जो आकडा लावून पहिल्या टीवर उभे राहाल तो अठराव्या होलपर्यंत तुमचाच.